पायाला कळलेला मासा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या धरणाचं पाणी निवळायला लागतं. पावसाळाभर चहासारखं लाल असतं ते. मग आधी काठाकाठाने, मग हळूहळू आतपर्यंत, गाळ खाली बसत जातो आणि पाण्याला डोळे येतात. निवळलं की नाही, हे ओळखायची रीत मला नामाने शिकवली होती. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. आपल्या पायाची नखं दिसली की पाणी निवळलं.

काल संध्याकाळी जाऊन आलो. माझ्या वयात पायाची नखं बघायची म्हणजे मध्ये एक पोट ओलांडावं लागतं. पण दिसली. दहाच्या दहा. बघितली आणि लगेच वर आलो, चप्पल हातात घेऊनच दुकानापर्यंत चालत गेलो.

टेंभुर्णीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी गप्पा हाणतो, असं गावात म्हणतात. ते साफ खोटं आहे. दुकानात पंप आहे, हाताला सवय आहे, एवढंच. कुठलीही गोष्ट माझ्याकडे आली की मी तिच्यात थोडी हवा भरून देतो. एका सालात धरण इतकं भरलं होतं की मरळ मासे सांडव्यातून चढून एसटी स्टँडवर आले आणि कंडक्टरने त्यांना अर्धं तिकीट फाडलं, हे मी सांगतो. ऐकणारे हसतात, पण पुढच्या वर्षी परत विचारतात की मासे कुठे उतरले. या गोष्टीत मात्र मी नव्याने काही भरलेलं नाही. काही असेल तर ती आधीची उरलेली हवा.

नामा धरणावरचा मासेमार. त्याच्यासारखं फेकजाळं टाकणारा माणूस मी बघितला नाही. ते जाळं हवेत उघडायचं तेव्हा एवढं गोल उघडायचं की चंद्राने शरमून अमावस्या धरावी. मासे खालून मान वर करून बघत राहायचे आणि त्यातच सापडायचे. नव्वदीच्या आसपासचं ते साल. हंगाम बरा गेला म्हणून नामाने जालन्याच्या एका वेल्डरला पत्र्याची नवी होडी सांगितली. जुनी लाकडाची कुजली होती. होडी सांगितली तेव्हा त्याला दोन हात होते. ती तयार झाली तेव्हा एक राहिला होता. मधल्या उन्हाळ्यात तो मळणीच्या कामाला गेला आणि मळणीयंत्रात त्याचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला. या वाक्यात मला कधीच काही वाढवता आलं नाही.

फेकजाळं टाकायला दोन हात लागतात, एक खांदा लागतो आणि जाळ्याची कड धरायला दात लागतात.

"दात राह्यले, मिस्तरी," नामा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला. "बाकीचं सामान गेलं."

त्याच आठवड्यात होडी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून, निळा रंग लावून, कोरड्या रस्त्यावरून वाजतगाजत. गावातली कुत्री तिच्यामागे भुंकत आली, कारण होडीला चाकं नसताना ती चालते कशी हे त्यांना कळेना. ट्रॉली माझ्या दुकानासमोर थांबली. नामाने होडीवरून हात फिरवला. डावा. उजव्या बाहीची टोकं गयावहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आतून शिवून टाकली होती.

तिचा भाऊ जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला होता. त्याने निरोप पाठवला होता की फाटकावर माणूस पाहिजे आहे. खुर्ची मिळेल, शिट्टी मिळेल, महिन्याच्या महिन्याला पगार. भाऊबिजेला तो बहिणीकडे यायचा होता, तोवर जागा धरून ठेवणार होता. त्या दिवशी हो की नाही ते सांगायचं.

"तिथं काय कराल तुमी?" वहिनी म्हणाली. "पान्याबिगर जलमात राह्यले न्हाई."

"शिट्टी वाजवीन. शिट्टी एका हातानं वाजती."

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमी काही करा. एका हातानं मासा धरता येईल असं काही तरी काढा. तुमी तर बसल्याबसल्या काहीबाही काढता."

एवढ्यावरच सगळं होतं. भाऊबिजेच्या आत एका हाताने मासे धरता आले तर नामा पाण्यावर राहणार होता, नाही तर फाटकावर.

वाट नामालाच माहीत होती. धरणाचं काम चाललं तेव्हा एक साहेब तिथे राहायचा. त्याला मासे धरायचा नाद. नामा त्याची होडी वल्हवायचा आणि साहेब मागे बसून एका लांब दोरीला चमकता पत्रा बांधून तो पाण्यातून ओढत न्यायचा. होडी चालते, पत्रा मागून लटपटत येतो, मोठ्या माशाला वाटतं लहान मासा दुखावलाय, आणि तो झडप घालतो. जाळं नको, फेकणं नको. होडी चालत राहिली पाहिजे आणि पाणी निवळ पाहिजे, नाही तर पत्रा चमकत नाही.

"पण वल्हवील कोन?" मी म्हणालो.

"मी," गयावहिनी म्हणाली. तिला पोहता येत नव्हतं. होडीत ती कधी बसली नव्हती.

आता ओढायचा गळ लावायचा कसा, यावर माझ्या दुकानात जी चर्चा झाली तेवढी दिल्लीत होत नसेल. शेजारी रऊफचाचाचं चहाचं हॉटेल. तो किटली घेऊन आला आणि गेलाच नाही. पहिला विचार बांबूच्या काठीचा. सायकलीच्या सीटचा नळ होडीच्या काठाला वेल्ड करून त्यात काठी खोवायची. पण मासा लागल्यावर एका हाताने काठी धरणार की दोरी ओढणार? दुसरा विचार, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. नामा म्हणाला, "हात गेला, आता अंगठा बी देऊन टाकू का धरनाला?" मग मला ते सुचलं. त्या रात्री मी जेवलो नाही, असं मी सांगतो. जेवलो होतो, पण घाईघाईने.

जुन्या सायकलीचं मागचं चाक घ्यायचं, रिम काढून टाकायची, नुसत्या हबवर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळायची. पुढे चैन, आणि चैनीला पायडल. नामा होडीच्या मागच्या फळीवर बसणार, मागे तोंड करून, आणि दोन्ही पायांनी पायडल मारून मासा ओढणार. हात मोकळाच. वर चाकाला फ्रीव्हील आहेच. सायकलीवर आपण पायडल थांबवलं तरी चाक टकटक करत पळतं, तसंच इथे. मासा ओढेल तेव्हा चाक सुटं पळेल आणि पायडल जागेवर राहील. जन्मभर फ्रीव्हीलं उघडलेल्या माणसाचा हा हिशोब होता.

होडी अजून ट्रॉलीतच होती. सामान तिच्यात बसवलं. नामा होडीत, होडी ट्रॉलीत, ट्रॉली रस्त्यात. आता मासा कुठून आणायचा? रऊफचाचाचा बोकड बांधला होता. तंगूस त्याच्या पट्ट्यात अडकवली.

"क्या मिस्तरी," चाचा म्हणाला, "मेरे बोकड को मछली बनारे क्या?"

मी बोकडाला चापट मारली. तो जाफराबादच्या दिशेने जो सुटला, की पायडलं गरागरा उलटी फिरली आणि नामाच्या नडगीवर ठाण ठाण बसली. नामा ओरडला, रस्ता हसला. फ्रीव्हील पुढच्या बाजूला सुटं असतं आणि मासा मागे ओढतो. सायकलीला कधी मासा लागत नाही, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी स्पॅनर घेऊन वर चढलो, सगळं खोलायला. नामा हसत होता. हात गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता थांबला.

"ठैर जरा, मिस्तरी. परत सोड त्याला."

त्याने दोन्ही तळवे पायडलांवर दाबून ठेवले, डोळे मिटले. बोकड चालायला लागला. तंगूस ताणली. पायडल थोडं मागे आलं, नामाने ते पायाने अडवलं, थोडं सोडलं, परत अडवलं.

"आता डावीकडं वळून राह्यला," तो म्हणाला. "आता थांबला. खाली मान घातली त्यानं. काही तरी खाऊन राह्यला."

बोकड खरोखर नाल्याच्या डाव्या अंगाला बाभळीच्या शेंगा खात होता.

"उलटंच राहू दे हे," नामा डोळे न उघडता म्हणाला. "पायाला कळून राह्यलं सगळं."

राहिला चमकता पत्रा. मी मडगार्डचा तुकडा कापून दिला, तो दगडासारखा तळाला गेला. घंटीची वाटी लावली, ती भरभरून शेवाळ घेऊन वर आली. मागचा लाल काच-दिवा लावला, त्याला बघून मासेच काय, बेडूकही आला नाही. दिवाळी जवळ येत होती. एक दिवस गयावहिनीने घरातून चमचा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. माहेरून आलेल्या भांड्यांतला, जाड, पांढरा, चकचकीत. लग्नात भांडेवाले मशीनने नाव कोरतात तसं त्याच्या दांड्याच्या बुडाशी, अगदी वाटीला लागून कोरलं होतं, गया.

"वहिनी, यावर नाव आहे तुमचं."

"मंग? माशाला वाचता येतं का?"

मी दांडा कापला, पण नाव राखून. दोन भोकं पाडली. मागे तिकाटी गळ. पुढे ब्रेकच्या तारेचा एक पेड, कारण दातांचा मासा तंगूस तोडतो. पाण्यात चमचा गरगरतो आणि दोरीला पीळ पडतो, त्यासाठी मध्ये भोवरकडी पाहिजे होती. ती त्याच बोकडाच्या साखळीतून काढली. त्या दिवसापासून बोकड आमच्या धंद्यात भागीदार झाला.

आणि चमचा चालला. होडीमागे पाण्यात बोटभर खोल, लटपटत, उजेड फेकत.

मला त्या दिवसांचं काय काय आठवतं, आणि ते कुठल्या क्रमाने झालं ते मुळीच आठवत नाही. सकाळी पाण्यावर वाफ असायची. काठावरच्या शेतांत शाळू पेरायची घाई, पाभरीमागे बायांचं बोलणं, ते पाण्यावरून इतकं स्वच्छ यायचं की कोणाच्या सुनेने काय केलं ते मला धरणाच्या भिंतीवर बसून कळायचं. सीताफळं डोळे उघडत होती. कपाशी फुटली होती. उत्तरेकडून बदकं उतरली होती आणि मधोमध काळ्या ठिपक्यांसारखी बसून राहायची. दुकान उघडायच्या आधी मी भिंतीवर जाऊन बसायचो. नामा दोरी सोडताना उलटं पायडल मारायचा. टकटक टकटक. सायकलीचा आवाज पाण्यावरून येतोय, रस्ता कुठेच नाही. मग वल्ह्याचा आवाज. सुरुवातीला गयावहिनी होडी गोल फिरवायची, एकाच जागी, जात्यासारखी.

"पीठ काढून राह्यली का?" नामा ओरडायचा.

"तुमीच बसा ना मंग इकडं! पायानं वल्हवा!"

आठवडाभरात ती सरळ चालवायला शिकली. पदर कमरेला खोचून, तोंडाने काही तरी पुटपुटत. काठावरचा एक म्हातारा म्हणाला, बाई होडीत बसली की पाणी आटतं. वहिनी पाण्यातूनच म्हणाली, "मागं दोन सालं कोरडंच होतं की, बाबा. तवा कोन बसली होती, तुमची म्हातारी?" मरळ लागायला लागले. चमच्यावर, गयाच्या नावावर. नामाचे पाय एवढे हुशार झाले की मासा लागायच्या आधीच तो मला भिंतीवर हाक देऊन सांगायचा की मरळ आहे, आणि नर आहे, आणि त्याचं बायकोशी भांडण झालंय. हे मी वाढवलेलं नाही. हे तो वाढवायचा. माझी सवय त्याला लागली होती. आनंदात माणूस थोडा फुगवतो.

मी मनातल्या मनात भाऊबीज मोजून टाकली होती. मेहुणा येईल, ओवाळून घेईल, मरळाचं कालवण खाईल आणि एकटाच परत जाईल.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशीची सकाळ. मी भिंतीवर. होडी मध्ये, जिथे धरण होण्याआधीचं बाभळीचं बन बुडालेलं आहे त्याच्या कडेने चालली होती. टकटक थांबली होती, चमचा मागे होता. एकदम नामा फळीवर मागे रेलला. दोन्ही पाय ताठ. पायडलं त्याच्या पायांखाली उलटी फिरत होती, तो त्यांना दाबत होता, ती परत फिरत होती.

"शिवडा हाये!" त्याचा आवाज फाटला. "गये, बाभळीकडं जाऊ देऊ नको!"

शिवडा म्हणजे मिशांचा, दातांचा, बोकडाचं करडू गिळेल असा मासा. गयावहिनी उभी राहून वल्हवत होती. होडी पुढे ओढली जाते की मागे हेच कळेना. नामा पायडल मारायचा, चार वेढे घ्यायचा, मासा तीन परत न्यायचा. किती वेळ चाललं मला सांगता येत नाही. माझी विडी हातात विझली होती. मग मासा दमला असावा. होडीच्या बाजूला पाणी उकळल्यासारखं झालं. वहिनीने वल्हं टाकलं, झोळीचं जाळं घेतलं आणि काठावरून वाकली.

मासा होडीखालून पलीकडे वळला. होडी एका अंगावर कलली. वहिनी गेली. काठाला धरून होती, पण कमरेपर्यंत पाण्यात, लुगडं फुगून वर आलेलं, आणि हात सुटत चाललेला.

मी भिंतीवरून ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही. मला पोहता येतं, पण मी तिथे पोचेपर्यंत दिवाळी संपली असती.

नामाचे पाय पायडलावर होते आणि हात एक. त्या हाताने तो फळी धरून बसला होता. बसल्याजागी हात पोचत नव्हता. उठायचं तर पाय काढायला लागत होते. त्याने पाय काढले. पायडलं जी उलटी सुटली त्यांचा घर्रर्र असा आवाज मला भिंतीवर ऐकू आला. तेवढ्यात तो पलीकडे गेला होता आणि वहिनीचा दंड त्याच्या डाव्या हातात होता. तंगूस संपली. हबवरची गाठ तटकन तुटली. बाभळीच्या अलीकडे मासा एकदा वर आला, लोळला, त्याच्या जबड्याशी चमचा चमकला, आणि पाणी परत सपाट झालं.

काठाला आले तेव्हा वहिनी रडत होती आणि रागावलेली होती. "कशाला सोडलं? मी धरलं होतं ना होडीला! एवढ्या दिवसांचं..." नामा तिचे केस एका हाताने पिळत राहिला. एका हाताने केस पिळले जात नाहीत. पाणी तसंच गळत होतं.

मी म्हणालो, "अरे, चमचे पुष्कळ आहेत. उद्या दुसरा करून देतो."

"मासा गेला त्याचं न्हाई, मिस्तरी," तो म्हणाला. "पन मला एकच हात हाये. त्याला रोज रोज कशाला विचारायचं, तू कोनाला धरशीन म्हनून?"

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं मेहुण्याबरोबर जालन्याच्या गाडीत बसली. खिडकीतून नामा म्हणाला, "चैनीला तेल देत जाय. पान्याची हाये, गंजन." मी देत गेलो. होडी काही वर्षं काठावर उलटी पडून होती, मग कोणी तरी भंगारात घातली. ती वितळायला त्याच कारखान्यात गेली आणि नामाने शिट्टी वाजवून तिला फाटकातून आत घेतलं, असं मी गावात सांगतो. खरं काय ते मला माहीत नाही.

एकदा त्याला भेटायला गेलो होतो. फाटकाशी खुर्ची, गळ्यात शिट्टी, समोरून भंगाराचे ट्रक. बोलताना माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. ट्रक आला की त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर दाबले जात, ट्रक गेला की सैल होत. निघताना त्याने विचारलं, "पानी निवळलं का?" दरवर्षी कोणाबरोबर तरी विचारायचा. कधी कधी धरणात निवळायला पाणीच नसायचं. तेव्हाही मी सांगायचो, हो निवळलं, नखं दिसून राह्यली.

गेल्या उन्हाळ्यात नामा गेला. गयावहिनी गावातलं घर झाडून परत इथे राहायला आली आहे. काल मी धरणावरून चप्पल हातात घेऊन आलो तर ती दुकानाच्या पायरीवर बसलेली. तिथेच, जिथे तो बसायचा. केस पांढरे झालेले. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. रऊफचाचा आता नाही, त्याचा मुलगा चहा देऊन गेला.

"पानी निवळलं का, भाऊजी?"

"निवळलं."

तिने कप खाली ठेवला. "त्या माशाची गोष्ट सांगा."

ती गोष्ट मी या गावात वर्षानुवर्षं सांगत आलोय. पहिल्या वर्षी मासा माणसाएवढा होता. मग म्हशीएवढा झाला. मध्ये एका दुष्काळात तर त्याने धरणच पिऊन टाकलं होतं. पण तिच्यापुढे, त्या पायरीवर, मला एकाही शब्दात हवा भरवेना. मी व्हॉल्व्ह काढून टाकला. जेवढं दिसलं होतं तेवढंच सांगायचं ठरवलं. म्हणालो, "वहिनी, लांबून बघितलं मी. खरं सांगायचं तर मासा असंल हातभर. फार तर थोडा जास्त." आणि दोन तळवे समोरासमोर धरून दाखवले.

ती माझ्या हातांमधल्या जागेकडे बघत राहिली.

"लहान कशाला करून राह्यले, भाऊजी?" ती म्हणाली. "हातभर मासा तर कोनी बी सोडला असता."

आणि तिने माझा उजवा हात मनगटाला धरला आणि बाजूला ओढला. मग डावा. उजवा लटकवलेल्या सायकलीच्या चाकाला लागला, डावा भिंतीला. आणखी जागा नव्हती. मी तसाच हात पसरून बसून राहिलो.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा."